जहूरभाईंचे चव्वेचाळीस पास

मित्रांनो, माझ्या एकेचाळिसाव्या पानावर निळ्या शाईचा एक पुसट, उलटा ठसा आहे. तिथे एक पत्र महिनाभर पडून होतं. अलीमियाँना त्याचं उत्तर द्यायचं होतं आणि काही केल्या ते देववत नव्हतं. मी आहे एक जुनी गुणवही. माझं काम मांडून ठेवण्याचं, बोलण्याचं नाही. आज बोलते आहे, पण नीट बोलते आहे की नाही याची मलाच खात्री नाही.

माझा जन्म मुंबईतल्या एका छापखान्यात झाला. लाल कापडाची पाठ, दोनशे पानं. १९६५ साली मी बोटीतून दुबईला आले. तिथे खाडीच्या काठी एका बोट कंपनीची कचेरी होती. कंपनीचे शेठ राहत मुंबईत, पण त्यांना बास्केटबॉलचं भारी वेड. त्यांनी रत्नागिरीकडच्या एकाच वाडीतले पाच उंच गडी पगारावर दुबईत ठेवले होते. काम एकच, कंपनीच्या संघातून खेळायचं. गोदामामागे खाऱ्या मातीचं मैदान होतं आणि तेलाच्या पिंपांत रोवलेले दोन खांब. कचेरीतले कारकून अलीमियाँ काठावर बसून गुण मांडत. नवी रेघ ओढण्याआधी ते माझ्या पानावरची वाळू हलकेच फुंकत. तेवढ्यानेही मला भरून यायचं.

संघ मात्र हरत होता. लागोपाठ नऊ सामने हरला. शारजाच्या संघाने तर तीस गुणांनी धुतलं. मग शेठचं पत्र आलं: "संघाचं बळ कशात आहे आणि कमजोरी कशात आहे, ते खरं खरं कळवा. बकरी ईदपर्यंत उत्तर आलं नाही तर संघ मोडतो. पाचही जण पुढच्या बोटीने घरी येतील."

अलीमियाँ माझ्या शेवटच्या पानावर कच्चं लिहायला बसले. बळ लिहिताना लेखणी भरभर चाले. मुश्ताकची उडी. युसुफचा नेम, सगळ्यांत लहान पण डोळे मिटून टोपली गाठेल असा. पाचही जण न बघता एकमेकांना चेंडू देतात, आपसांत कधी भांडत नाहीत. मग ते 'कमजोरी' असा शब्द लिहीत आणि हात थांबे. आठ वेळा लिहिला, आठ वेळा खोडला.

कारण प्रत्येक पासचा एक ठिपका ते माझ्यात मांडत. ठिपके सांगत होते की चेंडू फिरून फिरून एकाच माणसाकडे जातो: कप्तान जहूरभाईंकडे. वय चाळिशीला टेकलेलं, गुडघे दुखरे. पण याच जहूरभाईंनी अलीमियाँना दुबईला आणलं होतं, नोकरीला लावलं होतं, आपल्या खोलीत जागा दिली होती. त्यांच्याविरुद्ध कसं लिहायचं?

एका शुक्रवारी दुपारी खोलीत थाळ मांडला होता. सगळे एकाच थाळ्यात जेवत. भात आणि सुरमईचं कालवण. जहूरभाईंना मशिदीतून यायला उशीर झाला. युसुफ भुकेने व्याकुळ, पण हात मागे घेऊन नुसता माशाकडे बघत बसलेला. वडीलधाऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणाचा हात थाळ्यात जायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. अलीमियाँ युसुफकडे बघत राहिले. मग त्यांनी घाईघाईने मला उघडलं. मैदानातही हेच चाललं होतं!

जहूरभाई आले तेव्हा अलीमियाँ उठले. तोंडाने सांगणं जमेना, म्हणून पत्रासकट मलाच त्यांच्या हातात दिलं.

जहूरभाईंनी सावकाश वाचलं. "मागच्या सामन्यात सत्तावन्न पास. त्यातले चव्वेचाळीस मला?"

"होय, जहूरभाई."

"आणि मी टोपलीत किती टाकले?"

"सहा."

जहूरभाईंनी मान वर केली. "म्हणजे संघाची कमजोरी मी?"

"नाही, नाही!" अलीमियाँचा आवाज फाटला. "तुमचा मान. तुमच्याआधी कुणी हातच लावत नाही. ना भाताला, ना टोपलीला."

आधी जहूरभाईंच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते इतके हसले की मी त्यांच्या हातून निसटून खाली पडले. "खलास! आजपासून मी शेवटी जेवणार. यल्ला, चल युसुफ, पहिला घास तुझा."

"मी? तौबा!" युसुफ मागे सरकला.

"अरे घे ना, कालवण गार होतंय!" मुश्ताक ओरडला.

"मग तू घे!"

शेवटी युसुफने डोळे मिटून घास उचलला. सगळ्यांनी अशा टाळ्या पिटल्या की जणू लहान मुलाला पहिलं अक्षर शिकवतात, तशी त्याची बिस्मिल्लाच होती.

ईदच्या आधी शारजाशी पुन्हा सामना झाला. मुश्ताकने सवयीने चेंडू जहूरभाईंकडे वळवला, तसे ते गरजले, "माझं पोट भरलंय! युसुफला वाढ!" प्रेक्षकांना काही समजेना. युसुफने एकट्याने सव्वीस गुण केले. अलीमियाँची रेघ त्या दिवशी पहिल्यांदाच वाकडी आली. मला ती सगळ्यांत आवडते.

परतताना कंपनीच्या ट्रकमध्ये गाणी चालली होती. दुबईच्या देरा भागात हलव्याच्या दुकानासमोर ट्रक थांबला.

"जिंकलात वाटतं?" दुकानदाराने विचारलं.

"नाही हो, हरलो!"

"हरलात? मग हलवा कसला?"

"एका गुणाने हरलो!" युसुफ आनंदाने ओरडला. "फक्त एका!"

मित्रांनो, त्यानंतरची माझी सगळी पानं भरली आहेत. त्यावरून शेठने काय ठरवलं असेल ते ओळखा. आज मी अलीमियाँच्या नातीच्या, रुकय्याच्या कपाटात आहे. कसर लागते, पाठ सुटत चालली आहे. जुन्या वह्यांना अधूनमधून ऊन दाखवत जा, एवढं सांगायचा मला हक्क असावा. आणि मोठ्यांचा मान जरूर ठेवा, पण खरं त्यांच्यापासून लपवू नका. आपल्याला वाटतं त्याहून त्यांना ते चांगलं पेलतं.

आणि ते पत्र? त्या शुक्रवारच्या जेवणानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी अलीमियाँनी त्याचं उत्तर लिहिलं, बळही आणि कमजोरीही. खाली जहूरभाईंनी आपल्या मोठ्या अक्षरांत जोडलं: "वरची कमजोरी मी वाचली आहे. ती माझी आहे आणि खरी आहे. लिहिणारा घाबरट आहे, पण त्याचा हिशेब चोख आहे."

दोघे टपाल कचेरीत गेले. मी अलीमियाँच्या काखेत होते. पेटीसमोर येताच त्यांचा हात अडला. त्यांनी पाकीट हळूच पुढे केलं. "तुम्हीच टाका, जहूरभाई. तुम्ही मोठे."

जहूरभाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "पुन्हा मलाच पास, मियाँ?"

अलीमियाँ हसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाकीट पेटीत टाकलं.