शोकेसमधली गाडी

"बाबा, तू मुद्दाम हरलास का?"

प्रश्न तिचा नव्हता. तो वर्गातल्या दोन मैत्रिणींनी, लांबडीने आणि मॉनिटरने, मिळून तिच्या तोंडात कोंबला होता, सोमवारी मधल्या सुट्टीत, शाळेच्या जिन्याखाली. ती आपली रविवारच्या विजयाचं तिसऱ्यांदा वर्णन करत होती, हातवाऱ्यांसकट, तर लांबडी डबा बंद करत शांतपणे म्हणाली, "पाच वर्षं ज्याला कुणी हरवलं नाही, तो माणूस नेमका स्वतःच्या मुलीकडून हरतो. आमचे बाबा कॅरममध्ये असंच करायचे. मी सात वर्षांची होते तेव्हा." त्यावर मॉनिटर म्हणाली, "विचार ना मग. हिंमत असेल तर." झालं. हिंमत हा शब्द या मुलीसमोर काढायचाच नसतो, निदान या वर्षापासून तरी.

म्हणून संध्याकाळी बाबा चष्म्याच्या दुकानातून, दिवसभर काचा घासून, घरी आला आणि दारात चपला काढायला वाकला, तेव्हाच तिने विचारून टाकलं.

बाबा एक चप्पल पायात, एक हातात, असा उभा राहिला. "कोण म्हणतं?"

आता हे काही उत्तर नव्हे. ज्याच्या मनात काही नसतं तो 'नाही' म्हणतो आणि दुसरी चप्पल काढतो.

"मी विचारतेय."

"हात धुऊन येतो," बाबा म्हणाला, आणि हात धुवायला त्याला वीस मिनिटं लागली.

रविवारी झालं होतं ते असं. बाबा जुन्या मोटारींच्या क्लबात जातो. तिथे मेळाव्याच्या दिवशी मोठी माणसं बॉनेटं उघडून एकमेकांच्या इंजिनांचं कौतुक करतात, पण खरी गर्दी जमते ती लाकडी उतारापाशी. इंजिनाच्या डोक्यावर एक लांबट झाकण असतं, टॅपेट कव्हर. ते भंगारातून आणायचं, घासायचं, रंगवायचं, खाली दोन दांडे आणि चार चाकं बसवायची, की झाली गाडी. मोटर नाही, बॅटरी नाही, धक्काही द्यायचा नाही. उताराच्या माथ्यावर दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या, खटका ओढला की पुढची फळी पडते आणि बाकीचं उतार बघून घेतो. साडेचार किलोच्या वर एक ग्रॅम चालत नाही. सेक्रेटरीकाका प्रत्येक गाडी काट्यावर ठेवतात आणि तान्ह्या बाळाचं वजन केल्यासारखे तिच्यावर ओणवे होतात.

बाबाची काळी गाडी पाच वर्षं जिंकत होती. यंदा तिने पहिल्यांदाच स्वतःची केली. पिवळी. कव्हरसाठी भंगारवाल्याशी हुज्जत तिने घातली, रंगाचे तीन हात तिने दिले, रिमला चिकटवतात ती शिशाची छोटी वजनं आतून एकेक करून तिने बसवली, आणि पहिल्या खेपेला सगळी पुढे बसवल्यामुळे नाकावर आपटणारी गाडी पुन्हा उचकटून नीट केली, तीही तिनेच. शेवटच्या फेरीत पिवळी काळीच्या हातभर पुढे पोचली. क्लबाकडून सगळ्या क्लबांच्या मोठ्या मेळाव्याला एकच गाडी जाते, जिंकलेली. नाव बुधवार संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

म्हणजे मामला सरळ होता. ती खरोखर जिंकली असेल तर ती जाणार. बाबाने सोडून दिलं असेल, तर तो विजय नव्हे, खाऊ. आणि खाऊ हातात धरून तीनशे माणसांसमोर उभं राहायचं तिचं वय आता राहिलं नव्हतं.

रात्री जेवताना बाबाने तिच्याकडे दोनदा चोरून पाहिलं. तिनेही पाहिलं. मग पाणी ओतता ओतता बाबाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "शनिवारी गॅरेजमध्ये किती वेळ होतीस गं?"

"का?"

"काही नाही. असंच."

असंच म्हणून विचारलेले प्रश्न कधीच असंच नसतात, हे तिला पक्कं माहीत होतं. ती स्वतः तसेच विचारायची.

मंगळवारी तिने सेक्रेटरीकाकांना फोन लावला. "काका, माझं नाव पाठवलंत?"

पलीकडे काका खाकरले. "अगं, तुझ्या बाबानेच सांगितलं. म्हणाला, बुधवारपर्यंत थांबा. तुला बोलला नाही का?"

"बोलला ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. आधी मोठ्या मनाने रेस सोडली, आणि आता मन परत लहान झालं, असं तर नाही? बाबा आणि रडीचा डाव? ती मुळात विश्वास ठेवायला तयार नव्हती. पण संशय काही तुमची तयारी विचारून येत नाही.

बुधवारी शाळा अर्धा दिवस. ती घरी आली तर गॅरेजचं शटर अर्धं खाली, आणि दुकानात असायला हवा तो बाबा आत स्टुलावर. टेबलावर दोन्ही गाड्या उताण्या पडलेल्या. पिवळीचं एक चाक काढलेलं, आणि दुकानातलं भिंग डोळ्याला लावून बाबा ते न्याहाळत होता.

"माझी गाडी आहे ती."

बाबा एवढा दचकला की भिंग घरंगळत टेबलाखाली गेलं.

"तूच सोडलीस ना रेस?" ती म्हणाली. "आणि आता परत हवीय. म्हणून नाव थांबवलंस."

"मी सोडली?" बाबाला खरंच कळेना. "पाच वर्षं हाडाची काडं केली या गाडीसाठी. मी कशाला सोडीन?"

"मग हरलास कसा?"

"तेच तर बघतोय." त्याने मान खाली घातली. "मला वाटलं, तू काहीतरी केलंस."

"काय केलं?"

"माझ्या बेअरिंगमध्ये ग्रीसबिस भरलं असशील. शनिवारी एकटीच होतीस इथे."

तिने दप्तर खाली टाकलं.

"तुला मी लबाड वाटले?"

"आणि तुला मी एवढा दानशूर वाटलो?"

तिला हसू येत होतं आणि रडूही, म्हणून ती नुसतीच लाल झाली. "विचारायचं होतंस सरळ."

"कसं विचारणार? पोटच्या पोरीला? आणि नाव गेल्यावर दुसऱ्या कुणी विचारलं असतं, तर क्लबात तुला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हटलं, आधी आपण बघून घ्यावं." त्याने दोन्ही गाड्यांची चाकं बोटाने फिरवली. ती हवेत झकास, बिनआवाज फिरत राहिली. "दोन्हींची बेअरिंगं स्वच्छ आहेत. तू काही केलेलं नाहीस. मग माझी मंदावली कशी, तेच कळत नाही."

इतक्यात आई शटरखालून वाकून आत आली. "आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतोय तुमचा. आणि अहो, त्या लंगडीला कशाला उताणी घातलीत?"

"लंगडी?" दोघं एकदम म्हणाले.

"दर आठवड्याला शोकेसमधून पुसायला काढते ना मी. फरशीवर ठेवली की टकटक करत जाते. मला वाटलं, तुमच्यात तसंच असतं."

तिघं हॉलमध्ये आले. तिने काळी फरशीवर ठेवून हलकेच सोडली. टक. टक. टक. टक.

बाबा गुडघ्यांवर बसला. चाकाच्या रबरावरून त्याने अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येकावर एकेक जागा चपटी, नखाएवढी. आधी काळी गाडी वर्षभर गॅरेजमध्ये खिळ्याला उलटी टांगलेली असायची. गेल्या वर्षी पाचव्यांदा जिंकल्यावर मात्र बाबाने आईचा टी-सेट शोकेसमधून काढून पलंगाखालच्या खोक्यात घातला आणि आल्यागेल्याला दिसावी म्हणून गाडी तिथे मांडली. साडेचार किलो, चार रबरी चाकांवर, खिडकीतून दुपारचं ऊन, एक अख्खं वर्ष. चाकांनी बूड टेकलं होतं. आणि शनिवारी बाबाने ती गॅरेजमध्ये नेऊन चाकं फक्त हवेत फिरवून पाहिली, तेलाचा थेंब दिला. पाच वर्षं जिंकणाऱ्या गाडीला फरशीवर कोण लावून बघतो?

"उतारावर ऐकू कसं आलं नाही?" आईने विचारलं.

"लोक माझ्या नावाचा गजर करत होते," बाबा पडेल आवाजात म्हणाला. मग जरा सावरून, "नवी चाकं टाकली तर मात्र..."

"थांब," ती म्हणाली. तिने पिवळी आणून काळीशेजारी ठेवली आणि हलकेच ढकलली. पिवळी एक अक्षर न बोलता पार सोफ्याखाली गेली.

"माझं ठरलंय," ती दोघांकडे बघून म्हणाली. "मोठ्या मेळाव्याला मी जाणार, पिवळी घेऊन. काकांना आत्ता फोन करतेय. बाबा, नवी चाकं टाक आणि पुढच्या वर्षी ये. या वर्षी माझी हत्यारांची पेटी उचलायला चल. आणि आई, मी तिथून काहीही जिंकून आले तरी पिवळी खिळ्यालाच टांगायची. टी-सेट काढ."