कोऱ्या कड्याचं पोस्टर

त्याला सगळे घार म्हणायचे. कड्यावर चढणारा माणूस कुठल्या भेगेपाशी अडलाय ते तो खालच्या रस्त्यावरून, दुर्बिणीशिवाय सांगायचा, म्हणून घार. तरुणपणी तोही चढायचा. एकदा पडला, खुब्याचं हाड मोडलं आणि डावा पाय जरा आखूडच राहिला. मग त्याने चढणं सोडलं आणि चढायच्या वाटा विकायला घेतल्या.

वाटा म्हणजे पोस्टरं. कड्याचा मोठा फोटो आणि त्यावर लाल, पिवळ्या, निळ्या बारीक रेघा. इथून सुरुवात, इथे उजवीकडे, ही कपार, हा माथा. जो पहिल्यांदा चढेल त्याने वाटेचं नाव ठेवायचं असा रिवाज, त्यामुळे नावं एकेक नमुनेदार: ‘सासूचा टोमणा’, ‘आता कळेल’, ‘साहेब, मला ताप आलाय’. फोटो घार काढायचा, रेघा त्याची बायको ओढायची. पट्टी न लावता, एका श्वासात. तिची रेघ बघून पोरं दोर बांधायची. कड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं शेवटचं दुकान त्यांचं. चढाईच्या आधी पोरं तिथे थांबायची, बोटाने रेघ गिरवायची, उतरल्यावर पुन्हा यायची आणि कुठे फाटली ते हसत सांगायची.

दुकानाच्या वरच्या खोलीत घारची आई असायची. तिच्या खाटेसमोर भिंतीवर हेच पोस्टर होतं. त्यात अगदी मधोमध एक हिरवी रेघ होती, घारच्या धाकट्या भावाची. घरात कुणाला न सांगता तो ती वाट चढला आणि नाव ठेवलं ‘आईला सांगू नकोस’. पोस्टर छापून दुकानाच्या दाराला लागलं तेव्हा आईनेच ते वाचलं. भरल्या दुकानात तिने त्याचा कान पिळला. पुढे मात्र येईल-जाईल त्याला ती स्वतःच हिरवी रेघ दाखवायची. काही वर्षांनी धाकटा लांबच्या बर्फाच्या डोंगरावर गेला आणि कोसळत्या हिमकड्याखाली गाडला गेला. हाती काहीच आलं नाही, बूटसुद्धा नाही. आईपाशी राहिली ती रेघ.

कडा कोसळला तो दिवस अगदी साधा होता. आठवड्याचा मधला वार, कड्यावर कुणी नव्हतं. घार पोस्टरं गुंडाळून नळ्यांत भरत होता. आधी त्याला वाटलं, कुणीतरी खडीचा ट्रक ओतला. मग काचा थरथरल्या आणि धुळीचा लोट रस्त्याने असा आला की समोरचं दुकान दिसेना. बायकोने दार लावून घेतलं. दोघं आतल्या अंधारात खोकत उभे राहिले.

धूळ बसल्यावर त्याने वर पाहिलं. कड्याचा मधला भाग नव्हताच. तिथे फिकट, ओलसर दगड दिसत होता, सालपट निघालेल्या गुडघ्यासारखा.

“काय पडलं रे?” वरून आईने विचारलं.

“कडा.”

“सगळा?”

“मधला.”

वर तिची खाट करकरली.

सरकारी माणसं आली, कुंपण घालून गेली. चढाईला कायमची बंदी झाली. आणि मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं जुन्या पोस्टरला अचानक गिऱ्हाईक आलं. कधीकाळी इथे चढलेली माणसं, आता पोटं सुटलेली, गाड्या काढून यायची. “ही माझी पहिली वाट,” असं बायकोमुलांना सांगायची, पोस्टर घ्यायची, एखादा डोळे पुसायचा. घारची बायको मुकाट्याने गुंडाळून देत होती. घारला मात्र ते सोसेना. एके सकाळी त्याने काचेत लावलेली पोस्टरं काढायला घेतली.

“हे काय चाललंय?” बायको म्हणाली.

“नसलेल्या वाटा विकायच्या नाहीत.”

“अहो, लोक आठवण म्हणून नेतात. त्यात काय वाईट?”

“त्यांच्यासाठी ती आठवण. माझ्या मेलेल्या भावाचा फोटो कुणी विकत मागितला तर देशील?”

“तोंडाला येईल ते बोलू नका,” ती म्हणाली. पण नंतर तिनेही एकेक टाचणी काढून त्याच्या हातात दिली. दोघांनी मिळून गठ्ठे बांधले आणि माळ्यावर टाकले.

तसंही थोड्याच दिवसांत येणारे थांबले असते. खानावळीला टाळं लागलं. दोर आणि मेखा विकणाऱ्याने दुसरं गाव गाठलं. बसच्या फेऱ्या कमी झाल्या. रस्त्यावर दुपारी कुत्रंही आळसावून मधोमध झोपायला लागलं.

घारच्या डोक्यात तेव्हा नवं पोस्टर आलं. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याने नव्या दगडाचा फोटो काढला. प्रत्येक चीर, प्रत्येक कंगोरा स्पष्ट. छापायला देण्याआधी बायकोने विचारलं, “रेघा कुठे ओढू?”

“अजून कुणी चढलंय कुठे? चढतील.”

“बंदी आहे ना?”

“बंदी काय, उठते.”

रेघांविना छापलेलं पोस्टर दाराला लागलं. रस्ता चुकून आलेल्या एका गृहस्थाने बराच वेळ बघून विचारलं, “याच्यावर काही नंतर उमटतं का?” बायकोला हसू आवरेना. घारलाही आलं. त्या वर्षात ती दोघं तेवढीच काय ती एकत्र हसली. पोस्टर मात्र एकही खपलं नाही.

एक रेघ तरी हवी होती. एक रेघ असली की माणसं येतील, दुसरी ओढतील, तिसरी ओढतील, असं घारला वाटायचं. त्याने मेव्हण्याला फोन केला. बायकोचा धाकटा भाऊ शहरात उंच इमारतींवर दोराला लटकून काचा बसवायचा. चढण्यात त्याच्या तोडीचा दुसरा या कड्याने क्वचितच पाहिला होता.

“भाऊजी, तिथे बंदी आहे ना?”

“उजाडता उजाडता कोण बघतंय?”

“ताईला विचारलंत?”

“तिला मी सांगतो.”

त्याने सांगितलं नाही. मेव्हणा सुट्टीच्या दिवशी आला आणि “सहज आलो” म्हणाला. बहिणीने त्याला आग्रहाने जेवायला वाढलं, लग्नाचा विषय काढला, त्याने नेहमीसारखा उडवून लावला. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना दोघं कुंपणाखालून सरकून कड्याशी गेले. घार आखूड पायावर भार न देता एका धोंड्याला टेकून उभा राहिला आणि त्याने दोर हातात घेतला.

पहिला टप्पा मेव्हणा सावकाश चढला. मग थांबला.

“भाऊजी, हा दगड नाही, भुसा आहे. हाताबरोबर निघतोय.”

“डावीकडे भेग आहे बघ. ती पक्की आहे.”

“दिसतेय तुम्हाला?”

“स्वच्छ दिसतेय.”

मेव्हणा डावीकडे सरकला. भेगेत त्याने हात घातला, अंगाचा भार दिला आणि भेगेची अख्खी कड सुटली. दगड त्याच्या उजव्या खांद्यावर आपटून गेला. घारने दोर धरून ठेवला. तळहात सोलवटले, पण सोडला नाही. मेव्हणा दोराला लोंबकळत राहिला आणि घार त्याला वीत वीत खाली सोडत राहिला.

हात वाचला, पण खांद्याच्या वर जाईना आणि बोटांत जोर उरला नाही. आतली शीर तुटली होती. डॉक्टर म्हणाले, “जपलात तर जेवता-खाता येईल. दोरावरचं काम विसरा.” दवाखान्याच्या बोळात बाकावर बायको बसली होती. घार शेजारी जाऊन बसला.

“डावीकडे जा म्हणून तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“दिसत होतं तुम्हाला?”

“दिसत होतं.”

“मग?”

तिने पदराने चेहरा पुसला आणि भावाजवळ आत गेली. त्यानंतर तिने तो विषय कधीच काढला नाही. ती भांडली असती, चार भांडी आपटली असती, तर बरं झालं असतं असं घारला वाटायचं. ती भांडली नाही. त्याला वेळेवर चहा देत राहिली.

आईला त्याने सगळं सांगितलं. ती पडल्या पडल्या ऐकत होती. मग समोरच्या पोस्टरकडे हात करून म्हणाली, “काढ ते.”

“आई, असू दे की.”

“काढ म्हणते ना. भिंत बघू दे मला.”

त्याने काढलं. भिंतीवर पोस्टरच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिला. आईने कूस बदलली.

उन्हाळा संपता संपता त्यांनी दुकान रिकामं केलं. माळ्यावरचे जुने गठ्ठे आणि कोऱ्या कड्याची नवी पोस्टरं त्याने रद्दीवाल्याला दाखवली. त्याने एक कोपरा चिमटीत धरून पाहिला. “प्लास्टिक चढवलंय साहेब. हे रद्दीत चालत नाही.” शेवटी दोघांनी ती कचऱ्याच्या मोठ्या डब्यामागे रचून ठेवली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून बायकोने वर वीट ठेवली, आणि मग आपण हे कशाला केलं, म्हणून तिथेच उभी राहिली.

आता ती शहरात राहतात, मेव्हण्याच्या खोलीमागच्या गल्लीत. आई सोबत आहे, बोलते कमी. बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिवणी तपासते. घार काचेच्या दुकानात लोकांच्या फोटोंना चौकटी बसवतो. मेव्हण्याला एका इमारतीच्या फाटकावर बसायचं काम मिळालंय. तिथे गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा लागतो, आणि एका हाताने त्याला ती जमत नाहीत. बहीण कारखान्यात लवकर जाते. म्हणून रोज सकाळी घार जातो.

मेव्हणा खाटेच्या कडेला बसून असतो. घार आधी निकामी हात बाहीत घालतो, मग चांगला, आणि खालून वर बटणं लावत येतो. सुरुवातीला दोघंही इकडेतिकडे बघायचे. आता सवय झाली आहे.

“वरचं राहू द्या, भाऊजी. गळा आवळतो.”

“काल साहेब ओरडले म्हणालास ना?”

“ओरडले.”

“मग?”

“लावा.”

मेव्हणा हनुवटी वर करतो. घार शेवटचं बटण लावतो, कॉलर सारखी करतो आणि खांद्यावर पडलेला केस झटकतो. मग दोघं जिना उतरतात. घार पायामुळे मागे पडतो, आणि मेव्हणा वळणावर त्याच्यासाठी थांबतो.