टिरेसाची चार वर्षं

टिरेसाने खवलेलं खोबरं फडक्यात गुंडाळून पिळलं. घट्ट दूध पातेल्यात ओघळलं. लाफाएले चर्चमधून आल्यावर कपडेही न बदलता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता आणि धाकट्या बहिणीच्या आयुष्याचा हिशेब मांडत होता.

"चार वर्षं कॉलेज. पन्नास हजार डॉलर कर्ज. त्यातले कितीतरी महिने कुठल्यातरी संस्थेत शिकाऊ म्हणून फुकट राबायचं. आणि एवढं करून पगार किती? लॉन्ड्रीवाले तुला सुपरवायझर करतायत, त्याहून जेमतेम जास्त."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे, तर मग?"

टिरेसाने फडकं पुन्हा पिळलं. विमानतळाजवळच्या त्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या यंत्रात सारता सारता तिची तिशी उलटली होती. सुपरवायझरची जागा घेणार की नाही, हे तिला शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. समाजकार्याच्या पदवीला प्रवेश मिळाल्याचंही त्याच आठवड्यात कळलं होतं.

"आणि लोकांची कामं तू आताही करतेसच की," लाफाएले म्हणाला. "हिच्याबरोबर ऑफिसात जा, तिच्याबरोबर कोर्टात जा. फुकट करतेस तेच करायला पैसे भरून शिकायचं?"

आई तारोच्या, म्हणजे अळूसारख्या कंदांची सालं काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुझ्या लग्नात चारशे माणसं जेवली, तेव्हा हा हिशेब कुठे गेला होता रे?"

लाफाएले हसला, पण बोलणं त्याने मागे घेतलं नाही. त्याचं चूक नाही, हे टिरेसालाही कळत होतं. बांधकामावर परांच्या बांधून त्याचे खांदे आत्ताच दुखायला लागले होते. आपली बहीण तरी सावलीत, खुर्चीवर बसून कमवेल, एवढंच त्याला हवं होतं.

मंगळवारी बिनपगारी रजा टाकून टिरेसा चर्चमधल्या सुलु मावशींबरोबर बालकल्याणच्या ऑफिसात गेली. मावशींची मुलगी आजारी होती आणि दोन्ही नातवंडांना दूरच्या गावी, अनोळखी घरात ठेवलं होतं. आता ती तिथेच राहावीत की नाही, हे ठरायचं होतं. टेबलापलीकडे इमोजेन नावाची एक तरुण समाजसेविका होती. ती हळू बोलत होती, अधूनमधून थांबून मावशींकडे बघत होती.

"तुम्हाला हे मान्य आहे ना?"

"हो," मावशी म्हणाल्या.

"मुलं सध्या तिथेच राहिली तर चालेल?"

"हो."

इमोजेनने लिहायला पेन उचललं. मावशींचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतलेले टिरेसाला दिसले.

"एक मिनिट," ती म्हणाली. "त्या तुमचा मान ठेवतायत. मोठ्या खुर्चीवरच्या माणसाला आम्हा सामोअन लोकांत नाही म्हणत नाहीत. हा होकार नाहीये."

इमोजेनने पेन खाली ठेवलं. मग खुर्ची टेबलाला वळसा घालून ओढत आणली आणि मावशींच्या शेजारी बसली.

"तुम्हाला काय हवंय ते सांगा," ती म्हणाली. "नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

मावशींना बोलायला बराच वेळ लागला. एकदा सुरुवात झाल्यावर मात्र त्यांच्या बहिणीचं घर निघालं, तिथली रिकामी खोली निघाली, नातवाचा दमा निघाला. त्या दिवशी काहीच ठरलं नाही. बहिणीचं घर बघून मग ठरवायचं, एवढं ठरलं.

बाहेर गाड्यांपाशी टिरेसाने इमोजेनला गाठलं.

"एक विचारू? तुमचं शिक्षणाचं कर्ज फिटलं?"

इमोजेन हसली. "कुठलं फिटतंय. पगारातून कापून जातं, म्हणून समोर दिसत नाही इतकंच."

"आणि पुन्हा निवडायचं झालं तर?"

"सोमवारी विचारलं असतंत तर नाही म्हणाले असते." तिने किल्ली शोधली. "आज मंगळवार आहे."

गाडीत बसल्यावर मावशींनी विषय काढला.

"तुझी आई सांगत होती, तू यांच्यातली होणार म्हणून."

"अजून काही ठरलं नाही, मावशी."

"झालीस तर माझ्या दारी मुलं न्यायला येऊ नकोस."

"आणि परत आणायला आले तर?"

मावशींनी मांडीवरच्या पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. "तर ये. उपाशी नाही पाठवणार."

शुक्रवारी टिरेसाने लॉन्ड्रीत नाही म्हणून सांगितलं. लाफाएलेला कळलं तेव्हा तो "बघ बाई, तुझं तू" एवढंच म्हणाला आणि गाडी धुवायला निघून गेला.

कॉलेज सुरू झालं तसं तिचं काम शनिवारच्या एका पाळीवर आलं. सामोआतल्या आजीला पैसे पाठवून बसभाड्यापुरतेच उरायचे. एका रविवारी चर्चमध्ये तिला पहिल्यांदाच देणगीच्या पाकिटात काही घालता आलं नाही. प्रार्थना संपल्यावर सचिव उभे राहिले. त्या दिवशी कोणी किती दिलं, ते नावानिशी मोठ्याने वाचायची तिथली रीत होती. कमवायला लागल्यापासून टिरेसाचं नाव कधी गळलं नव्हतं. तिने पुढच्या बाईच्या टोपीच्या जाळीवर नजर खिळवली. शेजारी आईचा हातपंखा थांबला.

"टिरेसा तुइलोमा," सचिवांनी वाचलं. "चाळीस डॉलर."

नेहमीचीच रक्कम. तिने बाकाच्या टोकाकडे पाहिलं. लाफाएले सरळ समोर बघत होता, अंगठ्याचं सोललेलं कातडं चाचपत.

बाहेर आल्यावर ती त्याच्याजवळ गेली. "लाफा, माझं नाव कसं आलं?"

"मला काय विचारतेस? सचिव म्हातारे झालेत. मागच्या आठवड्याचा कागद वाचला असेल." त्याने आईसाठी गाडीचं दार उघडलं. "चल, बस. जेवण थंड होतंय."

पुढच्या रविवारी सचिवांकडून पुन्हा तीच चूक झाली.