नीट पेटीत

मी घडी. कपाटातली नव्हे, बायकांची. माझं नाव निघालं की बायका आधी दाराकडे बघतात आणि मग आवाज खाली आणतात. सगळं आयुष्य त्यांच्या अडचणीच्या दिवसांत गेलं, आता मी कशाला लाजू?

माझा जन्म तेलुगू मुलखातल्या नार्नूरचा, भाजीपाला पिकवणाऱ्या नागोराव माळ्याच्या घरी. त्याची लेक रुख्मिणी दहावीला होती. ती दुकानातली पॅडं वापरायची आणि वापरलेली कुंपणात खुपसायची. दुसरी जागाच नव्हती. एकदा कुत्र्याने त्यातलं एक थेट अंगणात ओढून आणलं, तेही बाप पाहुण्यांसोबत चहा पीत असताना. पोरगी दोन दिवस जेवली नाही. दर महिन्याला तिची शाळा बुडायचीच, आणि आता बोर्डाची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येत होती.

त्या सुमारास दवाखान्यातल्या सिस्टरने गावच्या बायकांना धुऊन पुन्हा वापरायच्या घड्या शिवायला शिकवलं. रुख्मिणीच्या आईने, देवकाबाईने, आपलं मऊ पडलेलं सुती लुगडं फाडलं, पदरावर पदर घातले, दोन्ही बाजूंना पंख काढून बटण लावलं. आम्ही चौघी बहिणी झालो. टाके वाकडेतिकडे होते, पण घट्ट होते.

सिस्टर मंचेरियलची, तेलुगू बोलणारी. जाता जाता तिने बजावलं, "नीडलो पेट्टोद्दु!" म्हणजे सावलीत ठेवू नका. देवकाबाईच्या कानावर पडलं, "नीट पेटीत!" तिला ते पटलंही. असली वस्तू पेटीतच शोभते! तिने आम्हाला धुतलं, पिळलं आणि ओलंच, अगदी नीट, पत्र्याच्या पेटीत ठेवून झाकण लावलं.

अंधारात आम्ही कुबट झालो. पुढच्या खेपेला रुख्मिणीच्या मांड्या सोलून निघाल्या. दोष माझा नव्हता, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परीक्षेला एक महिना उरला होता.

"आई, मले चालता येत नाई. मी नाई बसत परीक्षेले," ती रडत म्हणाली.

देवकाबाई पेटी कमरेवर घेऊन तडक भांडायला निघाली. "तुमीच सांगतलं ना, नीट पेटीत? मी तं नीटच ठेवून राह्यली! मंग पोरीले काऊन असं झालं?"

सिस्टरने झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला. "अय्यो अक्का! नीडा अंटे सावली! सावलीत ठेवू नका म्हटलं मी. ऊन पाहिजे, ऊन!"

देवकाबाई आधी हसली, मग तिथेच बसून रडली. सिस्टरने तिला मलम दिलं, आम्हाला साबणाने कसं धुवायचं ते पुन्हा दाखवलं, या वेळी हातवारे करून.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणातल्या दोरीवर होतो. देवकाबाईने सवयीने आम्हाला झाकायला वर लुगडं टाकलं, मग ऊन आठवून ओढून काढलं. नागोराव मळ्यातून आला.

"हे काय वाळू घातलं?"

"पोरीच्या घड्या हायेत. ऊन लागते त्याहिले."

तो खाकरला. मग त्याने दोरी सोडली आणि कुत्र्याचं तोंड पोचणार नाही इतकी उंच बांधली.

गणिताच्या पेपरला रुख्मिणीसोबत मी होते. उटनूरपर्यंतची बस, मग अडीच तास बाक. पेपरात काय विचारलं ते मला विचारू नका. पण उठताना पोरीने एकदाही मागे हात फिरवून ड्रेस चाचपला नाही. मला धन्य वाटलं.

ती पास झाली. मंचेरियलच्या कॉलेजात जाण्याआधी तिने स्वतःसाठी नव्या घड्या शिवल्या आणि दोन आईपुढे ठेवल्या.

"मले कायले? माझं चाललं इतके वर्ष," देवकाबाई म्हणाली.

"चाललं नाई, आई. तू चालवलं."

तेव्हा कुठे आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. लेकीसाठी लुगडं फाडणारी ही बाई स्वतः अजून तीच जुनी चिंधी न्हाणीच्या कोपऱ्यात वाळवत होती.

आता माझे पदर विरलेत, बटणही तुटलंय. उद्या मला वांग्यांच्या वाफ्यात पुरणार आहेत. मी सुताचीच, मातीला जड होणार नाही. निघताना एवढंच सांगते: पोरींनो, स्वतःसाठी घड्या शिवाल तेव्हा एकदा आईलाही विचारा, "तू काय वापरतेस?"