दुसरा संपर्क

दूध चालतं, गरम नको.

झोपताना कान धरते. स्वतःचा नाही, शेजारच्याचा.

डाव्या बुटाला आतून निळी खूण.

गुडघ्यावर जुना व्रण. पाळणाघरात पडलेला नाही, कृपया नोंद घ्यावी.

बाबांकडे देऊ नये. (हे खोडलेलं. खाली: द्यावं.)

हे सगळं कागदी फॉर्मांवरचं. पाळणाघरात नवीन सॉफ्टवेअर आलं आणि अठ्ठेचाळीस मुलांची प्रोफाइल तीन दिवसांत भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फोटो, जन्मतारीख, ॲलर्जी, पहिला संपर्क, दुसरा संपर्क. दुसरा रिकामा राहिला की चौकट लाल होते आणि प्रोफाइल सेव्ह होत नाही.

अकरा जणांचा रिकामा होता.

मी माझा नंबर टाकला. नातं: मावशी. नंतर बदलू म्हणून.

नंतर म्हणजे कधीच नाही.

गुरुवार, सहा वाजून दहा. सगळी मुलं गेली होती. एकटी चिमणी बूट घालून, दप्तर पाठीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसलेली. तिची आई हॉस्पिटलच्या चादरी धुते. सॉफ्टवेअरने आपणहून आईला दोनदा फोन लावला. मग दुसऱ्या संपर्काला.

टेबलावर माझा फोन वाजला. उचलला, तर रेकॉर्ड केलेला आवाज:

मुलाला न्यायला येत असाल तर एक दाबा.

बाई, म्हणजे आमच्या संचालिका, समोरच उभ्या राहून ऐकत होत्या. मी एक दाबलं.

बाईंनी माझ्या खुर्चीत बसून यादी उघडली.

"अकरा मुलांची मावशी! बहिणी किती गं तुला?"

"एकही नाही."

"एखाद्याला काही झालं असतं, तर फोन इथेच वाजत बसला असता. या टेबलावर. कळतंय?"

"हो."

"उद्या संध्याकाळपर्यंत खरे नंबर हवेत. ज्याचा नाही, त्याची जागा रद्द. वीस पोरं थांबलीत जागेसाठी."

सहा पन्नासला चिमणीची आई धापा टाकत आली. हातांना साबणाचा वास.

"मशीन अडकलं हो ताई. फोन कपाटात."

"दुसरा नंबर लागेल. उद्यापर्यंत. नाहीतर जागा जाईल."

"कुणाचा देऊ?"

"कुणाचाही. भाऊ, शेजारीण."

तिने चिमणीला उचललं. चिमणीने तिचा कान धरला.

"घरमालक आहे. पण तो माझाच फोन उचलत नाही, तुमचा कशाला उचलतोय!"

ती हसली. मीही हसले असेन.

शुक्रवारी दहा नंबर मिळाले. चार आज्या, तीन शेजारणी, दोन काका, एक कोपऱ्यावरचा शिंपी. संध्याकाळी बाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"ही अजून तशीच?"

"हा नंबर खरा आहे."

"तुझा आहे."

"हो. सहाला माझं काम संपतं. कुणी आलं नाही तर मी नेईन तिला घरी. आईला विचारलंय. तिने सही दिलीय."

बाईंनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"नातं तरी खरं टाक."

मी मावशी पुसलं. यादी उघडली. आजी, आजोबा, काका, मावशी, शेजारी, इतर. इतर निवडलं. चौकट हिरवी झाली. मी संगणक बंद केला, पर्स घेतली, दिवा घालवला.

कामाला लागले त्या दिवशी मी माझा स्वतःचा फॉर्म भरला होता. दुसऱ्या संपर्कात आईचा नंबर लिहिला. आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.