दार उतरवून घेणे

आमच्या कारखानीस साहेबांना पडकं काही दिसलं की भरून यायचं. बेलापूरचं आमचं ऑफिस नवं कोरं, भिंतीला टेकलं की शर्टाला चुना. आणि हा माणूस रस्त्यात जीप थांबवून गंजक्या पिंपापुढे उभा! म्हणे, काय रंग चढलाय. अहो, रंग कसला, गंज चढलाय. पण साहेबाला सांगायचं कोणी? मी साधा ड्राफ्ट्समन.

त्र्याऐंशी साली आम्ही उलव्याकडे मोजणीला गेलो, तिथं मिठागराचं जुनं कोठार होतं. निम्मी कौलं गेलेली, भिंतींना लोणा लागलेला. आत गोजराबाई राहायची, मिठागराच्या मुकादमाची विधवा, एकटीच. कोठाराचं दार बघून साहेब जागीच थबकले. खरं सांगतो, मीसुद्धा थबकलो. सागाची फळी खाऱ्या वाऱ्यानं इतकी झिजलेली, की लाकडाच्या रेषा तेवढ्या वर उठून आलेल्या. रंग राखाडी, मध्येच एखादा जुना निळा पोपडा. कडीपाशी हात लागून लागून खळगा पडला होता. मी त्यात बोटं ठेवली, तर बरोबर बसली.

परत येताना साहेब जीपमध्ये एकच बोलत होते. हे दार त्यांच्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीवर कसं शोभेल. बाईला बदल्यात प्लायवूडचं देऊ, खूश होईल. खाडीकाठी प्लायवूड! एका पावसाळ्यात फुगून भाकरी झाली असती त्याची.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चिठ्ठी: 'गोजराबाईंच्या घराचे दार शनिवारपर्यंत उतरवून घ्यावे.' अर्थ मला चांगला कळला होता. पण सोळा वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला एवढं समजतं, की हुकूम पाळायचा तो लिहिलेला. मी सुताराऐवजी कागदाची गुंडाळी आणि पेन्सिली घेऊन गेलो.

मला बघताच गोजराबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. कुठून तरी तिच्या कानावर गेलंच होतं.

"दार नेलाव तं कोल्हे घरान शिरतील," ती म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, मी फक्त कागदावर उतरवून घेणार. तीन दिवस बसलो. रेघ न् रेघ काढली, खिळा न् खिळा. ती मला कोरा चहा द्यायची आणि मागे उभी राहून बघायची. शेवटी चित्र पुरं झालं, तेव्हा मात्र तिचा चेहरा पडला. म्हणाली, माझ्या दाराला एवढ्या सुरकुत्या?

शनिवारी मी साहेबांच्या टेबलावर कागद उलगडला.

"हे काय आहे?"

"दार, साहेब. उतरवून घेतलं. चिठ्ठीप्रमाणे."

साहेब लालबुंद झाले. मग कागदावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं, जिंकलो. कसलं काय! त्यांची भूक उलट वाढली. उद्या सुतार घेऊन मी स्वतः जातो, म्हणाले, आणि तुम्हीही चला.

रविवारी जीपमध्ये मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. बाई एकटी आहे, जाऊ द्या, वगैरे. कोठार दिसलं आणि भाषण तिथंच संपलं. दार पोपटी! नखशिखान्त ऑइलपेंट, उन्हात चमकतंय, शेजारी गोजराबाई कोपरापर्यंत पोपटी. म्हणाली, तुझ्या कागदावर ते फार म्हातारं दिसलं भाऊ, लाज वाटली मला.

साहेब खाली उतरलेच नाहीत. घरचं कोणी गेल्यासारखं तोंड करून त्यांनी सुताराला हातानंच राहू दे म्हटलं. माझं चित्र आज त्यांच्या हॉलमध्ये काचेत आहे.

मलाही वाईट वाटलं, खोटं का बोलू? दार वाचलं, पण ते दार गेलं होतं. निघताना मी कडीपाशी बोटं ठेवली. खळगा तसाच होता, वर रंग चिकट.

गोजराबाईला माझं तोंड दिसलं असावं. म्हणाली, "खारा वारा हाय, भाऊ. दोन वर्सांत परत तसाच होईल."

मी जीपकडे बघितलं.

"मावशी," म्हटलं, "हळू बोला."