खिडकीची जाड कड

...फोनच्या काचेचा तडा अंगठ्याला टोचत होता, तरी बाईंनी अंगठा उचलला नाही. उचलला असता तर तो दीड मिनिटाचा व्हिडिओ पुन्हा सुरू झाला असता, आणि तो माणूस पुन्हा म्हणाला असता—काच खरं तर वाहते, अगदी हळू, म्हणून जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात.

‘‘मावशी, दाखवू का उद्या वर्गात?’’ भाचीनं विचारलं.

तिची नोकरी नवी, वर्ग चाळीस मुलांचा, आणि व्हिडिओ आधी मावशीच्या नजरेखालून घालायचा हा दोघींचा शिरस्ता. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंची कसोटी ठरलेली—सांगतो कोण, त्याला कळलं कसं, आणि नुसताच ठासून बोलतोय का. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणून त्यांनी कितीतरी व्हिडिओ निकालात काढले होते.

हा ठासून बोलत नव्हता. मध्ये थांबत, ‘बघा हं’ म्हणत... ‘बघा हं’ तर माझंच. आणि शेवटी हसून, ‘आमच्या बाईंनी आमची बोटं खिडकीवर ठेवून दाखवलं होतं.’

माझ्याच वर्गातला, दुसऱ्या बाकावरचा डावरा. कान अजून तसेच, हसला की लाल होणारे.

ती सकाळ... स्टुलावर चढायला लागलेली रांग, खडूनं पांढरी झालेली बोटं, वर पातळ, खाली जाड, आणि एकेका चेहऱ्यावर उजाडत गेलेलं—एवढं सुख पुढे नोकरीत मिळालं नाही, घरातही नाही. काच वाहत नाही. जुन्या कारागिरांना ती एकसारख्या जाडीची जमत नसे आणि जाड कड बहुधा खाली बसवत, एवढंच. निवृत्तीनंतर ग्रंथालयात हे वाचलं, तेव्हा बाईंनी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं होतं. कोणाच्या लक्षात राहतंय, म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता व्हिडिओखाली आकडा होता. नऊ लाख लोकांनी पाहिला होता.

‘‘चूक आहे ते,’’ बाई म्हणाल्या.

‘‘हो? आणि म्हणे त्याच्या बाईंनी शिकवलंय.’’ भाची हसली. ‘‘काय एकेक शिक्षक असतात ना.’’

बाईंना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी आनंदही—त्याला आठवतंय, ‘बघा हं’सकट आठवतंय. त्याला लिहून कळवायला हवं होतं. पण लिहिलं की त्याची ती सकाळ जाणार, आणि माझीही... दुसऱ्या हाताचा अंगठा आपसूकच फोनची कड चाचपत होता, वर, मग खाली. सारखीच होती.

‘‘मग व्हिडिओखाली लिहून विचारू का त्याला, कोण या बाई?’’

‘‘बस जरा इथं,’’ बाई म्हणाल्या. भाची बसली. आणि आता सुरुवात कुठून करावी, त्या सकाळपासून की त्या पुस्तकापासून, हे बाईंना काही केल्या ठरवता येईना.